समुद्रावर नेलेला पोळपाट

भाड्याच्या घराचे फोटो दाखवताना नवऱ्याने समुद्राच्या आधी स्वयंपाकघर दाखवलं. दोन शेगड्या, ओटा, भांडी. "बघ, सगळं हाय तिथं." मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण द्राक्षांचा माल निघाला होता, वेलींच्या खरड छाटणीला अजून दहा दिवस होते आणि लग्नानंतर बावीस वर्षांत पहिल्यांदा निफाडजवळच्या आमच्या मळ्यातून सगळं घर एकदम बाहेर पडणार होतं, तेही थेट अंदमानातल्या एका बेटावर. त्या आनंदात कुकर, काळा मसाला, बाजरीचं पीठ आणि लाकडी पोळपाट-लाटणं मी माझ्याच हातांनी बॅगेत भरलं. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, दुसरं काय!

दोन विमानं आणि एक बोट बदलून पोचलो. घर छान होतं. किल्ली देताना शेजारच्या बाई हिंदीत म्हणाल्या, जेवण हवं असेल तर सांगा, मी करून देते. मुलं पाण्याकडे पळाली. नवरा व्हरांड्यात आडवा झाला आणि म्हणाला, "चहा टाक. मग साधं पिठलं-भाकर कर. जास्त काही नको."

जास्त काही नको! जणू पिठलं आपलं आपण शिजतं आणि भाकरी आपली आपण थापली जाते. मी ओट्याशी गेले. समोरच्या खिडकीतून रस्ता दिसत होता. समुद्र माझ्या पाठीमागे होता. इतक्या लांब येऊनही माझ्या वाट्याला ओटाच आला, आणि माझं डोकं फिरलं.

बाहेर येऊन मी सांगितलं, "पाच दिवस मी इथं गॅस पेटवणार नाही. चहालासुद्धा नाही. जेवण शेजारच्या बाईंकडून येईल."

नवऱ्याला आधी चेष्टा वाटली. मग त्याने हुकमाचं पान काढलं. "आईला बाहेरचं चालत नाय, तुला माहीत हाय ना? उपाशी ठेवतीस का तिला?"

हे पान आमच्या घरात कायम चालत आलंय. कुणाचं लग्न असो की नाशिकचा दवाखाना, आईचा डबा मी करायचा. सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, आत कॉटवर बसून ऐकत होत्या. पोळपाटाला चुकून पाय लागला तरी आम्हाला हात जोडायला लावणारी ही बाई. खरं सांगते, मला त्यांची भीती वाटली. तरी म्हणाले, "आत्या रागावल्या तरी मी करणार नाही."

आत्या गुडघ्यावर हात टेकत दारात आल्या. त्यांनी लेकाकडे पाहिलं.

"मला बाहेरचं चालत नाय, हे तुला कुणी सांगितलं?"

"अगं, तू कधी खातच नाहीस."

"कधी इचारलं का कुणी? चालत नव्हतं ते तुझ्या बापाला. त्याला जाऊन नऊ वरसं झाली."

नऊ वर्षं डबे भरताना मी मनातल्या मनात या बाईवर चडफडले होते, पण विचारलं मीही नव्हतं. त्याची लाज वाटली, आजही वाटते.

दुपारी शेजारच्या बाईंनी मोहरी लावलेला मासा आणि भात पाठवला. आत्यांनी वासाला नाक मुरडलं आणि दोनदा वाढून घेतलं.

संध्याकाळी त्या माझ्याबरोबर पाण्याशी आल्या. खुर्ची नको म्हणाल्या, पाय लांब करून पाण्यात घालायचे होते, पण ओल्या वाळूत लुगडं भिजणार. पाट हवा होता.

"तो पोळपाट आण की," त्या म्हणाल्या. "तसाही रिकामाच हाय."

"आत्या, पोळपाटावर बसायचं?"

"पन्नास वरसं त्याच्यापुढं बसले. आता बसू दे त्याच्यावर."

मी आणला. माझा हात धरून त्या सावकाश बसल्या आणि त्यांनी पाय पाण्यात सोडले. मी शेजारी वाळूतच बसले. थोड्या वेळाने व्हरांड्यातून नवऱ्याची हाक आली, "अगं, चहाचं काय?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या मागे न बघताच ओरडल्या, "ज्याला प्यायचा त्यानं करावा. आन् आमालाबी दोन कप आण!"