बेबीनंदा प्रोग्राम टाईप करते

पुंजाराम सरांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, त्या वेळी शाळेच्या निकालाचा कॉम्प्युटर प्रोग्राम अर्धाच लिहून झाला होता. सर गणिताचे. सुट्ट्यांत क्लास लावून प्रोग्रामिंग शिकलेले. भाच्यानं मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप स्वस्तात आणून दिला होता. त्याची बॅटरी मेलेली, पडद्यावर एक उभी रेघ. जुन्या जालन्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत आता सरही सावकाश आणि लॅपटॉपही.

"नंदा, तू बस," एके दिवशी ते बायकोला म्हणाले. "मी सांगतो, तू दाबत जा."

बेबीनंदा सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं ओळखू यायची, शब्द कळायचे नाहीत. सर जड जिभेनं एकेक अक्षर सांगायचे, ती शोधून दाबायची. सरांची अंघोळ, मालिश, स्वैपाक उरकून बसेपर्यंत तिची कंबर धरलेली असायची. प्रोग्राम चालवून बघायला घेतला की लॅपटॉप बराच वेळ अडकून बसायचा. तेवढ्यात तिचे तांदूळ निवडून व्हायचे. आणि लाइट गेली की लिहिलेलं पुसलं जायचं.

"गेलं सगळं. परत सांगा," ती म्हणायची. सर डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

एकदा मात्र ती वैतागली. "कोणासाठी करून राह्यलो आपण हे? शाळेतलं कोणी बघायला बी आलं न्हाई तुमाला."

सरांनी पडद्यावरच्या रेघेकडे बघितलं. मग म्हणाले, "मला दुसरं काय येतं आता?"

ती उठली, पाणी पिऊन आली आणि पुन्हा बसली.

दिवाळीच्या आधी प्रोग्राम चालला. मुख्याध्यापक साहेबराव येऊन तो सीडीवर घेऊन गेले. सरांनी डाव्या हातानं त्यांचा हात धरून ठेवला, सोडेचनात.

पुढं दोनेक वर्षांनी साहेबराव तिला भाजीबाजारात भेटले. "वहिनी, आता सगळ्या शाळांना एकच नवा प्रोग्राम आलाय," ते खाली बघत म्हणाले. "सरांचा बंद केला."

ती घरी आल्यावर सरांनी विचारलं, "कोण भेटलं?"

"साहेबराव सर भेटल्ते."

"चालतो ना आपला?"

"चालतो की. बराबर चालतो."

सरांचा चेहरा उजळला. "मंग नवा काढू एक. आपल्या बुद्धविहारातल्या पुस्तकांच्या नोंदीचा."

तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. "उद्या काढू," ती म्हणाली आणि त्यांच्या पायांना तेल लावायला बसली.