मागल्या वर्षीची पिशवी

रुखमाच्या हाताला कागद कधी धार्जिणा नव्हताच. धानाची रोवणी म्हणा, निंदण म्हणा, चामोर्शीकडच्या त्या खेड्यात तिच्या हाताला तोड नाही. पण कागदाची घडी घालायची म्हटली की बाईचा जीव मेटाकुटीला यायचा. पिशव्या करायची तिची पोरगी, हर्षा.

शिक्षक दिन आला की हर्षा ज्योत्स्ना मॅडमसाठी खाकी कागदाची पिशवी करायची. भाताची खळ लावून चिकटवायची आणि शेजारच्या मुखरूभाऊच्या बैलांना पोळ्यात लावून उरलेल्या चकचकीत बेगडीची फुलं कातरायची. फुलं नेहमी वाकडी! देणं रिकामं देऊ नये म्हणून आत परसातल्या काकड्या. मॅडमही रीत पाळणाऱ्या. नवी पिशवी खडू ठेवायला कपाटाच्या खिळ्याला टांगायच्या, आणि मागल्या वर्षीची पिशवी काहीतरी घालून हर्षाला परत द्यायच्या.

हर्षाला सिकलसेलचा आजार होता. हातपाय ठणकायचे तेव्हा ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून बेगड कातरायची. यंदा उन्हाळ्यात मॅडमची बदली मुलचेऱ्याकडे झाली, आणि पोळ्याच्या आधी हर्षा गेली. मॅडमला कोण कळवणार?

पोळा झाला. मुखरूभाऊ सवयीनं उरलेली बेगड घेऊन दारात आला. द्यायला हात पुढे केला आणि त्याला आठवलं. बिचारा बेगड ओट्यावर ठेवून निघून गेला.

रुखमा त्या बेगडीकडे बघत बसली. घरातल्या पिशव्या केव्हाच फाटून गेल्या होत्या. पोरीच्या हातची एकच पिशवी उरली होती, ती मॅडमनी बदलीत सोबत नेलेली, त्यांच्या खिळ्याला. ती तिला हवी होती. पण नवी दिल्याबिगर जुनी मागायची कशी?

"मी जातो मुलचेऱ्याले," ती नवऱ्याला, खुशालला म्हणाली. "मॅडमले सांगतो अन् पिशवी घेऊन येतो."

खुशाल म्हणाला, "तुले जमन का पिशवी?"

"न जमाले काय झालं?"

नाही नाही म्हणता तीन कागद वाया गेले. चौथा जमला, वर बेगडीची फुलं डकवली. आखाडात हर्षानं लावलेल्या वेलाच्या काकड्या आत भरल्या आणि शिक्षक दिनी रुखमानं एसटी धरली.

नव्या शाळेत मॅडम पोरांच्या गराड्यात होत्या. "अगं बाई, रुखमाताई! एवढ्या लांब? आणि हर्षा?"

वाटभर घोकलेलं वाक्य ओठावर आलं होतं. तेवढ्यात मॅडमनी तिच्या हातातली पिशवी घेऊन उजेडात धरली. "या वर्षी हात चांगला बसला हो पोरीचा! फुलं बघा कशी सरळ आलीत!"

रुखमानं फुलांकडे बघितलं. मेली सरळ फुलं! पण मॅडमच्या तोंडावर असा आनंद होता की त्या शाळेत हर्षा आत्ता धावत येईल असं वाटलं.

"ताप हाये तिले बारीकसा," रुखमा म्हणाली. "म्हून नाई आली."

मॅडमनी खिळ्यावरची जुनी पिशवी काढली, खडू ओतून घेतले, आत रंगांची डबी घातली. "पुढच्या वर्षी स्वतः ये म्हणावं."

"सांगतो," रुखमा म्हणाली.

एसटीत तिनं पिशवी पदराखाली धरली होती. फुलं वाकडी होती. तळाशी वाळलेल्या खळीत हर्षाच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. रुखमानं त्यावर आपला अंगठा टेकवला आणि मग तिला रडू आवरेना. शेजारच्या बाईनं विचारलं, "काऊन रडून राह्यली बाई?" तिनं पिशवी पदराखाली आणखी ओढून घेतली.

खुशाल ओट्यावर वाट बघत होता. "सांगतलं?"

"नाई."

"काऊन?"

"साऱ्या गावासाठी मेली ते. एका माणसापाशी तरी जित्ती राहू दे."

खुशालनं तिच्या हातातल्या पिशवीवरचं एक वाकडं फूल बोटानं चाचपलं. मग हळूच म्हणाला, "अन् पुढच्या वर्षी?"

रुखमानं पिशवी आतल्या खुंटीला टांगली, डोळे पुसले.

"मुखरूभाऊले सांगा, बेगड ठेवजा म्हणा. यंदा फुलं सरळ झाली. पुढच्या वर्षी वाकडी कातरीन."