अकरा दिवसांच्या नोंदी

वडवणीच्या पुढं, तेलगावच्या रस्त्याला लागून एका संस्थेचा दवाखाना आहे. बायकांचा आणि लेकरांचा. तिथला कॉम्प्युटर वर्षाराणी तांदळे नऊ वर्षं सांभाळते. कागदावर तिचा हुद्दा ऑपरेटरचा, पण प्रिंटर अडला, इन्व्हर्टर बसला, इंटरनेट गेलं की हाक तिलाच येते. औषधांच्या फ्रिजशेजारी, पूर्वी अडगळ असायची त्या खोलीत दवाखान्याचा सर्व्हर आहे. तो बसवायला संभाजीनगरहून अभिमन्यू नावाचा इंजिनियर आला होता. तो काम करत होता तेव्हा वर्षाराणी दोन दिवस स्टूल घेऊन त्याच्या बाजूला बसली आणि विचारून विचारून तिनं त्याला हैराण केलं.

त्यातली एक गोष्ट तिला फार आवडली होती. सर्व्हरमध्ये दोन डिस्क. एकीवर जे लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर. एक मेली तरी दुसरी जिवंत. त्या भरवशावरच तिनं डॉक्टर मनिषा मॅडमच्या मागे लागून कागदी रजिस्टर बंद करायला लावलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या दोनातली एक डिस्क गेली. सर्व्हर पिकपिक करायला लागला, पडद्यावर लाल ओळ आली: डिस्क एक खराब. अभिमन्यू फोनवर म्हणाला, "घाबरू नका ताई, दुसरी चालू आहे. कंपनी बदलून देईल. नवी आली की जुनी काढायची, नवी घालायची, आणि खराब डिस्क त्याच खोक्यात घालून परत पाठवायची."

नवी यायला अकरा दिवस लागले. आणि वर्षातले नेमके तेच अकरा दिवस दवाखान्याला सगळ्यात मोलाचे. यंदा साखर कारखाने लवकर पेटणार होते. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत दवाखान्याची गाडी गावोगाव जाऊन तोडीला जाणाऱ्या बायकांची तपासणी करते. रक्त, वजन, कितवा महिना, आधीची बाळंतपणं, सगळं तिथंच टॅबवर भरायचं. मग प्रत्येकीचं कार्ड छापून तिच्या हातात द्यायचं. म्हणजे सांगलीच्या नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्या अनोळखी दवाखान्यात तिला नेलं, तर तिथल्या डॉक्टरला पहिल्यापासून चाचपडायला नको. अकरा दिवसांत अकरा गावं झाली होती आणि दोनशे त्रेसष्ट बायका. छपाईचा कागद संपल्यानं कार्डं तेवढी राहिली होती. कागद शनिवारी आला, डिस्क सोमवारी सकाळी.

सोमवारी साडेनऊला वर्षाराणीनं सर्व्हर बंद केला. दोन्ही डिस्कच्या कप्प्यांवर बसवणाऱ्यानं चिकटवलेले आकडे होते: १ आणि २. पडद्यावर 'डिस्क एक खराब' असं होतं, म्हणून तिनं १ आकड्याची काढली. नवी घातली. सर्व्हरच्या वेगळ्या मेमरीत एक सेटिंगची फाईल असते, तिच्यात दोन्ही डिस्कचे नंबर; सर्व्हर चालू करून तिनं त्यातला काढलेल्या डिस्कचा नंबर खोडून नव्या डिस्कचा लिहिला. सर्व्हर पुन्हा चालू केला. पिकपिक थांबली होती, सॉफ्टवेअर उघडलं, बायकांची नावं दिसली. तिनं देवाला हात जोडले, काढलेली डिस्क खोक्यात घालून टेप मारली आणि कुरिअरचा भागवत आला तेव्हा त्याच्या हवाली केली. चालू डिस्कची प्रत नव्या डिस्कवर उतरवणं तेवढं राहिलं. त्यानं सर्व्हर जड होतो, म्हणून ते काम तिनं दुपारच्या सुट्टीवर ठेवलं.

"झालं मॅडम," ती मनिषा मॅडमना सांगून आली.

पाऊण तासानं बायनाबाई आली. ही देवडीची आशा सेविका. पन्नाशीची, बोलायला फटकळ.

"वर्षे, आमच्या तेजश्रीचं कार्ड काढ बरं आदी. चार वाजता ट्रक हाय त्यांचा. सातवा चालूय तिला."

वर्षाराणीनं नाव टाकलं. नाव सापडलं नाही. आडनावानं शोधलं, नाही. देवडी गाव टाकलं. पडद्यावर उत्तर आलं: नोंद नाही.

"असं कसं? परवा तर माझ्यादेखत भरलंय," बायनाबाई म्हणाली.

"थांबा मावशी."

तिनं सगळ्या नोंदी तारखेनं लावल्या. आज सकाळी भरलेल्या नऊ बायका होत्या. त्यांच्याखाली थेट दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख. मधलं काहीच नव्हतं. अकरा दिवस झालेच नाहीत असं कॉम्प्युटर सांगत होता.

 कानात सुं सुं आवाज यायला लागला. बायनाबाई काहीतरी बोलत होती, ते तिला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. ती उठून सर्व्हरच्या खोलीत गेली आणि कप्प्यांवरचे आकडे बघत उभी राहिली. एक. दोन. मग तिला अभिमन्यूचं बोलणं आठवलं. कॉम्प्युटर मोजायला सुरुवात शून्यापासून करतो. त्याची पहिली डिस्क शून्य, दुसरी एक. म्हणजे पडद्यावरची 'डिस्क एक' ही कप्प्यावरची दोन होती.

तिनं चांगली डिस्क काढली होती. आणि खराब झालेली, अकरा दिवसांपूर्वी बंद पडलेली डिस्क, विसाव्यानंतर एखादं आजारी जनावर उठून चार पावलं टाकतं तशी चालू झाली होती. तिला जेवढं आठवत होतं तेवढंच ती दाखवत होती. चांगली डिस्क खोक्यात बंद होऊन भागवतच्या मोटारसायकलवर बसून गेली होती.

भागवतनं फोन चौथ्या वेळी उचलला. "मी तेलगाव फाट्यावर हाय ताई. बीडची गाडी येतीय, वीस-पंचवीस मिनिटात माल टाकणार."

"माझं खोकं टाकू नका! पाया पडते दादा, ते खोकं हातात धरून उभं रहा."

"कावून, काय झालं?"

"येऊन सांगते."

ती स्कूटीवर निघाली. उसाच्या ट्रॅक्टरनी उखडलेला रस्ता, त्यात समोरून जीपा. आपण जोरात चालवतोय हे तिला कळत होतं. डोक्यात मात्र एकच हिशोब: भागवतनं ते खोकं कसं ठेवलं असेल? आपटलं असेल का? पोत्याखाली असेल का?

आणि तिची आई डोळ्यापुढून हटत नव्हती. कौशल्याबाईंनी सोळा हंगाम ऊस तोडला. वर्षाराणी कर्नाटकातल्या एका कारखान्याच्या तळावर कोपीत, पाचटाच्या झोपडीत जन्मली, पहिली, धडधाकट. तिच्या पाठीवर दोन भाऊ झाले. दोघंही जन्मतःच पिवळे पडले आणि चार दिवसांच्या आत गेले. कुणी म्हणालं बाहेरचं लागलं, कुणी म्हणालं बाईचा पायगुण. वर्षाराणी या दवाखान्यात लागल्यावर तिनं सहज म्हणून आईचं रक्त तपासून घेतलं. ओ निगेटिव्ह. मनिषा मॅडमनी समजावून सांगितलं होतं, आईचं रक्त निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असलं की पुढच्या बाळांना धोका असतो, आणि त्यावर एक इंजेक्शन असतं. आई सगळं ऐकून एवढंच म्हणाली होती, "मंजी माजा पायगुण न्हवता." त्या दिवसापासून निगेटिव्ह रक्ताच्या बाईच्या कार्डावर वर्षाराणी स्वतःच्या हातानं लाल रेघ मारते. तेजश्री ओ निगेटिव्ह आहे हे तिला पाठ होतं. पण दोनशे त्रेसष्ट जणींत आणखी कोण कोण, हे तिला आठवत नव्हतं. आणि बायका दाही दिशांना निघालेल्या. पुन्हा तपासायचं म्हटलं तरी सापडणार कुठं?

फाट्यावर भागवत खरंच खोकं छातीशी धरून उभा होता. बीडची गाडी त्याच्यामागे हॉर्न वाजवत होती. वर्षाराणीनं खोकं घेतलं, ओढणीत गुंडाळलं, पोटाशी बांधलं. येताना मात्र तिनं गाडी इतकी हळू चालवली, की एका सायकलवाल्यानं तिला मागं टाकलं.

दवाखान्यात परतल्यावर तिनं अभिमन्यूला फोन लावला. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "नव्या डिस्कवर प्रत उतरवायला सुरुवात केली?"

"नाही."

"सकाळी काढलेली डिस्क परत घालून सर्व्हर चालू केलाय?"

"नाही. घालू का?"

"नाही! तसंच थांबा," तो इतक्या जोरात म्हणाला की तिनं फोन कानापासून लांब धरला. "ऐका ताई. आता तुमच्याकडं दोन डिस्क आहेत आणि दोघीही म्हणणार मीच खरी. दोघी एकत्र घातल्या आणि सर्व्हरनं चुकीच्या डिस्कचं ऐकलं, तर ती चांगलीवर स्वतःला उतरवून काढेल. मग अकरा दिवस गेलेच म्हणून समजा. आधी सर्व्हर बंद करा. दोन्ही कप्पे रिकामे करा. फक्त ही एकटी घाला."

तिनं तसं केलं. काढलेल्या दोन्ही डिस्कवर तिनं पेनानं लिहून चिठ्ठ्या लावल्या: 'जुनी, घालू नये' आणि 'नवी, कोरी'. चांगली डिस्क कप्प्यात सरकवताना बायनाबाईनं मागून तिचं मनगट धरलं. "सावकाश घाल, बाई."

सर्व्हर चालू झाला. डिस्क फिरायला लागल्याचा बारीक आवाज आला. तिनं सॉफ्टवेअर उघडलं.

एकूण नोंदी: ०.

अकरा दिवसच नव्हे, नऊ वर्षंही गेली होती.  बायनाबाईनं तिच्या हातातला फोन घेतला आणि ओरडून सांगितलं, "ओ साहेब, कायबी न्हाई इथं! समदं पांढरंफटक हाय!"

"मावशी, फोन ताईंकडं द्या," अभिमन्यू म्हणाला. मग वर्षाराणीला, "सकाळी सेटिंगच्या फाईलमध्ये तुम्ही काय लिहिलंत?"

"नव्या डिस्कचा नंबर."

"मग त्या फाईलमध्ये आत्ता नव्या आणि खराब डिस्कचेच नंबर आहेत. सॉफ्टवेअर त्यांनाच शोधतंय, आणि त्या दोन्ही बाहेर टेबलावर पडल्यात. घर जागेवर आहे ताई, पत्ता चुकलाय. ती ओळ पहिल्यासारखी करा. पहिला नंबर लिहून ठेवला होता का?"

तिनं लिहून ठेवला नव्हता. खोडताना सरळ खोडला होता.  अभिमन्यूनं तिला एक आज्ञा टाइप करायला लावली, जिनं डिस्क आपला नंबर स्वतःच सांगते. आकडे आणि अक्षरं मिळून छत्तीस. तिनं एकेक अक्षर मोठ्यानं वाचत टाइप केलं, तिकडून तो मागोमाग म्हणत गेला. अधेमधे रेंज गेली. दोनदा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी दोघांनी उलट्या बाजूनंही वाचून पाहिलं.

मग तिनं फाईल जतन केली, सर्व्हर पुन्हा चालू केला आणि डोळे मिटले. उघडायचं धाडस होईना.

"आली की गं," बायनाबाई म्हणाली. तिला वाचता येत होतं जेमतेम, पण गावाचं नाव ओळखू आलं. "देवडी. ही बघ, तेजश्री."

दोनशे त्रेसष्टच्या दोनशे त्रेसष्ट होत्या. वर्षाराणीनं आधी त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, दुसरी मॅडमच्या लॅपटॉपवर, आणि मगच छपाईला हात घातला. सकाळच्या नऊ जणी या डिस्कवर नव्हत्या. त्यांना परत बोलावून पुन्हा विचारावं लागलं. त्यातल्या एकीनं "मघाशी सांगितलं ना सगळं?" म्हणून तोंड वाकडं केलं. नवी डिस्क तिनं संध्याकाळपर्यंत घातलीच नाही. अभिमन्यू म्हणाला, "आधी कार्डं वाटून होऊ द्या, सर्व्हर जड नको." खरं तर तिलाच आज त्या कप्प्याला पुन्हा हात लावायची छाती नव्हती.

सगळ्यात कठीण काम त्याच्या आधी झालं होतं. प्रिंटर चालू असताना ती मनिषा मॅडमच्या खोलीत गेली. एक पेशंट बाहेर पडेपर्यंत थांबली.

"मॅडम, सकाळी मी झालं म्हणाले ते खरं नव्हतं. मी चुकीची डिस्क काढली. भागवतदादा आणखी वीस मिनिटं थांबला नसता, तर सगळं गेलं असतं. आणि रजिस्टर मीच बंद करायला लावलं होतं."

 मॅडमनी विचारलं, "निगेटिव्ह किती आहेत?"

"अकरा. त्यातल्या चार गरोदर."

"त्या चौघींची कार्डं आधी. रागवायचं मी उद्या बघते."

तेजश्री धरून तिघी गरोदर बाया आपापल्या गावातच सापडल्या. तेजश्रीचं कार्ड बायनाबाईनं ट्रकच्या फाळक्यावर चढून तिच्या हातात दिलं आणि इंजेक्शन कोणत्या तारखेच्या आत घ्यायचं ते तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. चौथी मात्र सकाळीच कवडगावहून निघून गेली होती. तिच्या नवऱ्याचा फोन बंद, टोळीच्या मुकादमाचा लागेना. वर्षाराणीनं कार्डाचा फोटो मुकादमाला पाठवला, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर शोधून तिथल्या नर्सला नाव, गाव, रक्तगट सगळं सांगितलं. नर्स म्हणाली, लिहून घेते. तिनं खरंच लिहून घेतलं का, हे वर्षाराणीला कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅडम खरंच रागावल्या. मग दोघींनी बसून ठरवलं की दर शिबिराच्या यादीची एक छापील प्रत कपाटात राहील, आणि डिस्कला हात लावायच्या आधी पूर्ण नोंदी बाहेर काढून ठेवायच्या. वर्षाराणीनं त्या दुपारी अभिमन्यूला फोनवर धरून नवी डिस्क घातली. प्रत उतरायला सव्वापाच तास लागले. पडद्यावरचा टक्का वाढत होता आणि ती त्याच्यासमोरून हलली नाही. चहा आणून ठेवला होता, तो तसाच गार झाला.

मुकादमाच्या फोनवर पाठवलेल्या फोटोखाली तिसऱ्या दिवशी दोन निळ्या खुणा आल्या. कवडगावच्या त्या बाईनं सहाव्या दिवशी स्वतः फोन केला. तळावर पोचले म्हणाली, नर्सबाईनं बोलावलंय, इंजेक्शन मंगळवारी आहे. वर्षाराणीनं तारीख विचारली, पुन्हा विचारली, आणि कॅलेंडरवर त्या मंगळवारी खूण करून ठेवली.