पार्किंगमधली दादाची गाडी

नीलावहिनीचा फोन आला तेव्हा मी वासण्याच्या माझ्या घरी मुगाचं पाणी गाळत होते. दादाच्या पोटातल्या नळीतून जाईल इतकं पातळ हवं, म्हणून पुन्हा पुन्हा गाळायची सवयच लागली होती. वहिनी एवढंच म्हणाली, "शुभा, ये." तशी मी रोजच जात होते. पण त्या ‘ये’मध्ये घाई नव्हती, आणि घाई नव्हती म्हणूनच मला कळलं... गॅस बंद केला आणि रिक्षा पकडली. कारेलीबागेत दादाच्या घरापाशी उतरले तेव्हा माझ्या हातात मुगाच्या पाण्याचा डबा होता. तो मी कधी भरला, झाकण कधी लावलं, काही आठवत नाही. त्याला आता काही आठवडे झाले. हे लिहायला बसले आहे, पण दादाबद्दल लिहायचं तर गाडीबद्दल लिहावं लागतं आणि गाड्यांतलं मला खरं म्हणजे काहीच कळत नाही.

श्रीकांत माझा मोठा भाऊ. एका रासायनिक कारखान्यात मीटर, काटे, दाब मोजायची यंत्रं सांभाळण्यात त्याची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर इतरांसारखा तो यात्रेला गेला नाही की नातवंडांकडे परदेशी गेला नाही. एके दिवशी त्यांच्या इमारतीखाली टेम्पो थांबला आणि त्यातून लाकडी खोकी उतरली. खोक्यांत गाडी होती. म्हणजे लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फायबरचं बिनरंगाचं शरीर, दोन सीटा आणि पिशव्या भरून नटबोल्ट. इंजिन त्याने भंगारात निघालेल्या एका छोट्या गाडीचं मिळवलं. "घरी बसून गाडी जोडणार," तो म्हणाला. वहिनी डभोईची, शांत स्वभावाची, पण त्या दिवशी तीही चिडली. "ह्यांना सांग शुभा, ही गाडी रस्त्यावर चालवायला परवाना तरी मिळेल का?" दादा म्हणाला, "नाही मिळाला तर हसमुखभाईंच्या शेतावर चालवू." हसमुखभाई म्हणजे शेजारचे. त्यांचं शेत डभोईच्या रस्त्यावर आहे. ते येता-जाता गुजरातीत विचारायचे, "श्रीकांतभाई, गाडी क्यारे चालशे?" आणि दादाचं उत्तर ठरलेलं असे, "बस, दिवाळी पछी." दिवाळीनंतर म्हणजे कुठल्या दिवाळीनंतर, हे तो सांगत नसे.

गाडी जोडून झाली. लालभडक रंगही त्यानेच दिला, हौसेने, हातावर हात चढवून. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा सोसायटीतल्या बायका गॅलरीत आल्या होत्या. पण ते जागच्या जागी नीट चालेना. गाडी उभी असताना इंजिनाने एका लयीत धडधडत राहायचं असतं. हे मात्र धाप लागल्यासारखं वर चढायचं, खाली उतरायचं आणि रेडिएटरचा पंखा सुरू झाला की आचके देऊन बंद पडायचं. कुठून तरी हवा शिरते आहे, असं दादाचं मत होतं. त्याने रबरी नळ्या बदलल्या, साबणाचं पाणी फवारून पाहिलं, प्लग बदलले. बाहेरून बोलावलेला इलेक्ट्रिशियन दोन वेळा येऊन डोकं खाजवून गेला. दादाला त्याचं काही वाटलं नाही. दोष सापडत नाही म्हणजे तो आहे, फक्त आपण चुकीच्या जागी बघतोय, असं म्हणून तो चहा मागवायचा.

एका रविवारी मी सहज गेले होते. तो इंजिनावर वाकला होता आणि एक नट त्याच्याने सुटत नव्हता. घाम आला होता. "गंजलाय," म्हणाला. "जरा धर गं." मी पाना धरला आणि फिरवला, तर नट सहज फिरला. गंज नव्हताच. मला वाटलं त्याने आधी ढिला केला असेल, म्हणून मी हसत म्हटलं, "दादा, हा सैलच आहे की!" तो हसला नाही. त्याने पाना माझ्याकडून घेतला, दुसऱ्या नटावर लावून पाहिला, परत माझ्या हातात दिला. मी फिरवला. तोही फिरला. मग तो बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. अंगठ्याजवळचं मांस खोलगट झालं होतं... ते आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं, ना वहिनीला, ना मला.

अहमदाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्नायू हलवणाऱ्या नसा मरत जातात, आधी हात, मग पाय, बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. औषध नाही. दादाने एकच विचारलं, "बोलणं कधी जाईल?" ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हसमुखभाईंनी नंतर त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "श्रीकांतभाई, तुमचं पण वायरिंगच गेलंय असं समजा." दादा एकदम तडकला. "वायरिंग बदलता येतं, हसमुखभाई. हे दोन्ही एकत्र करू नका." ते बिचारे ओशाळले. मलाही ती उपमा सुचली होती. मी ती तिथेच गिळली.

मग त्याने मला विचारलं, "शुभा, तू रोज येशील?" मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेली. घरात फ्यूज गेला तर शेजारणीला हाक मारणारी. पण मी गेले. खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून तो बसायचा आणि मी त्याचे हात व्हायचे. "मीटरचं लाल टोक तिथे, काळं टोक इथे. आकडा वाच." मी वाचायचे. "नाही, टिंब कुठे आहे ते सांग." माझी नखं तुटली, साड्यांना ऑइलचे डाग पडले, एकदा बॅटरीशी अशी ठिणगी उडाली की मी किंचाळले. तो हसून हसून खुर्चीत वाकला. ते त्याचं शेवटचं मोकळं हसणं. पुढे शब्द जड झाले. ‘स्क्रू’ म्हणतोय की ‘सुरू’, हे कळेना. मी चुकीचंच काहीतरी करायचे आणि तो डोळे मिटायचा. रागाने नव्हे... दमून. मग खुर्ची खाली आणणंही थांबलं. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी त्याचा पलंग लावला. मी खाली जाऊन इंजिन सुरू करायचे आणि तो वरून ऐकायचा. त्याला दुसरं काही करता येत नव्हतं, मलाही नाही.

बोलणं पूर्ण थांबल्यावर मी वर्णमालेचा मोठा तक्ता लिहिला. मी एकेका अक्षरावर बोट ठेवत जायचे, हवं ते आलं की तो नजर वर करायचा. एक शब्द जुळेपर्यंत चहा गार होई. ‘पाणी’, ‘उशी’, ‘नीला’ एवढ्यातच आमचं बोलणं आटोपायचं.

एका सकाळी मी गाडी सुरू केली आणि उठताना माझ्या कोपराने कसलंसं बटण दाबलं गेलं. पुढचे दिवे लागले, दादाच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर उजेड पडला आणि त्याच क्षणी इंजिन बंद पडलं. मी चरफडत वर आले. दादाची नजर तक्त्यावर खिळली होती. मी बोट फिरवायला लागले. ‘अ’ला नजर वर गेली. मग ‘र’. मग ‘थ’.

अर्थ.

मी तक्ता मांडीवर ठेवला आणि मला रडू फुटलं. त्याच्या मनात हे चाललं असणारच, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. मी त्याचा हात हातात घेतला आणि सुचेल ते बोलत राहिले. दादा, अर्थ कसा नाही, तू किती माणसं जोडलीस, मुलांना किती दिलंस, आई-बाबांचं केलंस... तो माझ्याकडे टक लावून बघत होता. मग नजर पुन्हा तक्त्याकडे. मी बोट फिरवलं. पुन्हा तेच. अर्थ. मी आणखी रडले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मी घरून एक स्तोत्र आणून त्याला अर्थासकट समजावून सांगितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, पोचलं.

वहिनी दाराशी उभी होती. तिने विचारलं, "काय म्हणतायत?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अगं, अर्थ म्हणजे ते नव्हे. अर्थिंग! इस्त्रीचा शॉक बसायचा तेव्हा हेच म्हणायचे, नीला, अर्थ सुटलाय." दादाची नजर वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. अर्थिंगला तो माझ्याशी नेहमी ‘काळी वायर’ म्हणायचा. आता इतकी अक्षरं त्याला परवडत नव्हती.

गाडीचं शरीर फायबरचं, त्यातून वीज जात नाही. म्हणून दिवे, पंखा, इंजिन, सगळ्यांच्या काळ्या वायरी त्याने सांगाड्यावरच्या एकाच बोल्टवर आणल्या होत्या. वहिनी आणि मी खाली गेलो, बोल्ट शोधला, सोडवला. वायरींच्या टोकांखाली लाल रंगाचा जाड थर होता. दादाचाच, हौसेने दिलेला. रंगाने विजेची वाट अडवली होती. वहिनीने स्वयंपाकघरातली सुरी आणून तो खरवडला, लोखंड चकाकेपर्यंत. मी पान्याने बोल्ट आवळला. किल्ली फिरवली. दिवे लावले. पंखा सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. इंजिन अडखळलं नाही. शांत, एका लयीत चालत राहिलं.

आम्ही दोघी धावत वर आलो. "रंग होता, दादा! तुझाच रंग!" त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, खांदे हलायला लागले, डोळे भरून वाहू लागले. त्या आजारात हसू आणि रडू माणसाच्या हातात राहत नाही, एकाच्या जागी दुसरं येतं. तो हसत होता की रडत होता, मला आजही सांगता येणार नाही. मी तक्ता पुढे केला. त्याने त्याच्याकडे पाहिलं नाही.

एकदा त्याला उचलून गाडीत बसवायचं, असं आम्ही ठरवलं होतं. हसमुखभाई शेतावर न्यायला टेम्पो सांगणार होते. पण छातीत कफ झाला, मग इस्पितळ, मग घरी आणला तो मशीनच्या श्वासावर. टेम्पोचं बोलणं कुणी पुन्हा काढलं नाही. आणि एका सकाळी वहिनीचा तो फोन...

मुलं परदेशातून येऊन गेली. गाडीचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं, तर वहिनी म्हणाली, "हमणां राहू दे, आत्ताच नको." परवा मी गेले तेव्हा ती खाली पार्किंगमध्येच भेटली. हातात किल्ली होती. बरेच दिवस बंद ठेवली तर बॅटरी उतरते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिने गाडी सुरू केली आणि शेजारच्या सीटवर हात ठेवून म्हणाली, "बस ना." मी बसले. दोघींनाही चारचाकी चालवता येत नाही. स्टिअरिंग तिच्यासाठी उंच होतं, पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. समोर सोसायटीचं फाटक उघडं होतं, बाहेर स्कूटरींची वर्दळ. थोड्या वेळाने मी विचारलं, "वहिनी, बंद करूया?"

"थांब जरा," ती म्हणाली. "चालतेय ना."