मध्यंतरातली चिठ्ठी

मध्यंतराचे दिवे लागले की ते खिशातून जुना गेटपास काढायचे, कानावरची पेन्सिल उतरवायचे आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर पिक्चरचा शेवट लिहून माझ्या हातात घडी ठेवायचे. "सुटल्यावर उघडायची, भिया. आधी नाही." मला ते भियाच म्हणायचे, म्हणजे आमच्या माळव्यातला भैया.

बाहेर येऊन उघडावी तर बरोब्बर तेच! "बाप माफ करणार, पण मेल्यावर." "थोरली सून घर सोडणार नाही. उंबऱ्यातून परत." देवासच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे, मी मशीनवर होतो. बारा-तेरा वर्षं महिन्यातून एक पिक्चर आम्ही बरोबर पाहिला आणि त्यांची एकही चिठ्ठी चुकली नाही. मी दर वेळी थक्क व्हायचो. ते म्हणायचे, "ठरलेलं असतं रे."

मूळचे धारच्या जुन्या मराठी घरातले. वडिलांना "आमचे तीर्थरूप" म्हणायचे आणि लगेच पुढच्या वाक्यात "अपने को क्या!" रिटायर झाल्यावर धारला राहायला गेले, पण महिन्याच्या पिक्चरला बसने देवासला यायचे ते यायचेच.

शेवट आधीच सांगून दुसऱ्याच्या मजेवर पाणी ओतणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हे तसे नव्हते. दिवे मालवले की खुर्चीच्या कडेला सरकून, हात गुडघ्यांवर ठेवून बसायचे, परीक्षेला बसल्यासारखे. बाहेर पडताना तोंड एवढंसं. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "दर वेळी वाटतं, हा तरी मला खोटं पाडेल. कोणी पाडतच नाही."

एकदा बक्षिसं मिळवलेला पिक्चर लागला होता. त्यातला माणूस भिंतीकडे बघत बसला, बसला, बसलाच. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तेवढ्यात आमच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "भिंत बघायला इथे कशाला आणलंस, भिया? घरी चार आहेत." पुढच्या खादीवाल्याने वळून असं पाहिलं की मी खुर्चीत निम्मा झालो. त्या दिवशीच्या चिठ्ठीत होतं, "काही होणार नाही. मग समुद्र दिसेल." दिसला! मी स्टँडपर्यंत हसत होतो.

पण त्यांचा खरा राग एकाच गोष्टीवर. बाप खाटेवर शेवटच्या घटका मोजतोय, मुलगा धावत येतो, बाप डोळे उघडतो, "आलास?" म्हणतो आणि मान टाकतो. "बाप तोवर थांबतो कसा?" ते तणतणायचे. "यमाची बस चुकते काय?"

गेल्या हिवाळ्यात ते धारच्या दवाखान्यात असल्याचं कळलं. मी रजा टाकून गेलो. बायको आधीच गेलेली, एकुलता मुलगा बंगळूरला. त्याला त्यांनी नुसता ताप आहे म्हणून सांगितलं होतं.

"पोराला कळवू नकोस हं," मला म्हणाले. "तो धावत येणार, मी डोळे उघडणार. शी! तो पिक्चर आपण कितीदा पाहिलाय?"

मी हसलो. तेही हसले, खोकले. मग उशाखालून गेटपास काढला, काहीतरी लिहिलं आणि घडी माझ्या खिशात कोंबली. "सुटल्यावर उघड."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "घरच्यांना बोलावून घ्या." मी व्हरांड्यात जाऊन मुलाचा नंबर काढला. आणि खरं सांगतो, मला लाज वाटली. हा मुलगा धावत आला तर त्यांच्या नजरेत मी त्या रडक्या पिक्चरवाल्यांपैकीच एक ठरेन, असं वाटलं. मी फोन परत खिशात टाकला.

पुढचे दोन दिवस ते सारखे दाराकडे बघत होते. मला वाटलं, नर्सची वाट बघताहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मग मी फोन केला.

मुलगा विमानाने इंदूरला उतरून दुपारी आला. बापाच्या चेहऱ्यावरचं पांघरूण बाजूला केलं, बघितलं आणि माझ्याकडे वळला. "डॉक्टरांनी सांगितलं मला. दो दिन थे, काका! एक फोन तर करायचा ना!" आणि माझ्या छातीवर डोकं आपटून रडायला लागला, ज्या रडण्याला आम्ही तेरा वर्षं हसत आलो अगदी तसा. खरी माणसंसुद्धा अशीच रडतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्याच्या डोक्याखाली माझ्या खिशात कागद चुरगळत होता. तो बाजूला झाल्यावर मी घडी उघडली.

"भिया ऐकणार नाही. फोन करेल. पोरगा वेळेवर येईल."

मी तिथल्या बाकावर बसलो. तेरा वर्षांत चुकलेली ती एकच चिठ्ठी. त्यांना खोटं पाडणारा अखेर मी निघालो.

"काय लिहिलंय, काका?" मुलाने डोळे पुसत विचारलं.

"काही नाही. पिक्चरचं आहे," म्हणालो आणि घडी खिशात ठेवली. ती अजून माझ्यापाशीच आहे. त्याचा फोन येतो तेव्हा दर वेळी वाटतं, आज सांगून टाकावं. मग तो "काका, कसे आहात?" विचारतो आणि मी बरा आहे म्हणतो.