म्हसोबा धाकट्याच्या वाट्याला गेला

वाटणीत चांगली जमीन मलाच आली, विहिरीकडची. तरी आज खरं सांगतो, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखत होतं. शेताची राखण करणारा आमचा म्हसोबा धाकट्या भावाच्या तुकड्यात गेला. मोजणीची खूण देवाच्या जराशी अलीकडे पडली, एवढंच.

आमच्याकडे ऊस तोडायच्या आधी म्हसोबापुढे नारळ फुटतो. वडिलांमागे तो मान थोरला म्हणून माझा. वाटणीनंतरच्या तोडीला मी सांगलीहून मुद्दाम गावी आलो, तर नारळ भावाच्या हातात. म्हणाला, "या की दादा, पाया पडा." पाहुण्याला बोलावतात तसं.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. जुन्या रोमविषयी पोरांना सांगतो की तिथे कुणी आपल्या जमिनीत आपल्याच मनाने देव मांडला, तर कायदा ती जागा देवाची मानत नसे. त्याला लोकांची संमती लागे. हे तोंडपाठ असलेल्या मी विहिरीतून निघालेला एक दगड उचलला, माझ्या बांधावर उभा केला आणि शेंदूर फासला. कुणी विचारलं की म्हणायचो, स्वप्नात आला होता.

हळूहळू तिथे करवंट्या जमल्या. मी मात्र येता-जाता भावाच्या म्हसोबापुढच्या करवंट्यांकडेच बघायचो.

गेल्या महिन्यात भावाच्या मुलाचं लग्न झालं. नव्या जोडप्याला घेऊन तो आधी माझ्या बांधावर आला. चपला काढून म्हणाला, "दादा, तुमच्यातला लय जागृत हाय म्हणत्यात. आमचा निवद बी हितंच दावू का?"

जिंकलो होतो. पण ती नवी पोर पदर सावरून त्या दगडापुढे वाकली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब बाळ. ह्यो देव न्हाई. मीच शेंदूर लावलाय."

भावाने दोघांना पुढे पाठवलं.

"आन् सपान?"

"न्हाई पडलं."

"आवं मास्तर, पोरांस्नी पास करता तसं दगडालाबी पास केलं व्हय?" तो हसला, मग चपला पायात घालत म्हणाला, "नारळाचा मान पायजे हुता तर म्हणायचं की. दिला असता. येत्या तोडीला तुमीच फोडा."

मनापासून बोलत होता तो. मला त्याचाच राग आला. येत्या तोडीला नारळ माझ्या हातात असेल, पण तो त्याने दिलेला असेल.

मी "बरं" म्हणालो.