लावली आणि लागली

त्याला सगळे कडू म्हणत, तोंडावरसुद्धा. रंगाच्या कारखान्यात तो खाली केटलवर, म्हणजे बंद लोखंडी कढईवर; मी वरच्या मजल्यावर टाकीच्या व्हॉल्व्हवर. अकरा वर्षांत तो माझ्याशी धड बोलला नाही. मी नवा असताना एकदा काम तेवढं समजावलं.

"खालचा माल आणि वरचा माल गार असले तर शेजारी बसूनही एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. पहिला धक्का आपण द्यायचा, वाफेचा. एकदा बॅच लागली की तीच उष्णता काढते. मग वाफ बंद. पण लागायच्या आधी वरून जास्त सोडलंस, मठ्ठा, तर सगळं एकदम उठेल आणि छप्पर घेऊन जाईल."

लागली की नाही, हे तो पाइपला हाताची मागची बाजू लावून ठरवी.

सुपरवायझर त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दोघांत विस्तव जात नव्हता.

"भावजी, काटा बघा की. तुमच्या हाताला काय डिग्री मिळालीय?"

"तुझ्या बहिणीला विचार."

त्या सकाळी मेहुण्याला घाई होती. जिन्यावरून ओरडला, "झालं का?" खालून कडूनं उत्तर दिलं. मला ऐकू आलं, "लागली!" मी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

तो म्हणाला होता, "लावली." वाफ लावली, एवढंच.

थोड्या वेळानं तो शिव्या देत वर आला, मला ढकलून व्हॉल्व्ह बंद केला. खाली जाऊन वाफ तोडली. पाइप अजून गारच होता.

"तोडताय कशाला? वाढवा, लागेल!" मेहुणा म्हणाला.

कडूनं वाफेच्या व्हॉल्व्हचं चाक काढून बगलेत मारलं. "ये. घे."

मेहुणा पुढे झाला नाही. अख्खी बॅच फेकावी लागली.

चौकशीत मॅनेजरनं सर्वांसमोर मला विचारलं, तो नक्की काय म्हणाला होता? मेहुणा माझ्याकडे बघत होता. खरं काय ते तोवर मला कळलं होतं.

"लागली," मी म्हणालो.

कडूला काढून टाकलं. मी फाटकाशी थांबलो होतो, काहीतरी बोलावं म्हणून. त्यानं डबा खाली ठेवला आणि हाताची मागची बाजू माझ्या गालाला लावली, पाइपला लावायचा तशी, बराच वेळ.

"गार," म्हणाला, आणि डबा उचलून चालू लागला.